वाचकांचे प्रश्न : गिट स्टेटसचा अहवाल कसा वाचावा

या सदरातून गिटची, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीची, ओळख करून दिल्यापासून वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख फाइलींची सद्यस्थिती सांगणाऱ्या गिट स्टेटस या एकाच आदेशाकडे आहे. हा आदेश दिवसातून अनेकदा दिला जातो, त्याचे उत्तर घाईत वाचले जाते आणि त्यातूनच गोंधळ होतो. त्यांपैकी पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. आदेश आणि पडद्यावरचे संदेश येथे देवनागरीत छापले असले, तरी टर्मिनलवर ते रोमन लिपीतच टाइप करावेत.

प्रश्न : मी पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला शिकतो. प्रकल्पासाठी आम्ही पगारपत्रक तयार करणारा प्रोग्रॅम लिहीत आहोत. काल मी पगार.पीवाय ही फाइल बदलली, गिट अ‍ॅड केली आणि कमिट करण्यापूर्वी, म्हणजे बदल इतिहासात नोंदवण्यापूर्वी, गिट स्टेटस पाहिले, तर तीच फाइल हिरव्या यादीतही होती आणि लाल यादीतही. एकच फाइल कमिटसाठी तयारही आहे आणि तयार नाहीही, असे कसे? मित्र म्हणाला की पुन्हा एकदा अ‍ॅड कर, म्हणजे लाल नाव जाईल. तसे केल्यावर ते गेले. पण कारण कळले नाही.

उत्तर : मित्राने सांगितलेला उपाय बहुतेक वेळा चालतो. मात्र कारण न समजता तो करण्याची सवय लागली, तर नको असलेले बदलही नकळत कमिटमध्ये जातात. म्हणून आपला प्रश्न जरा सविस्तर घेतो.

गिटच्या हिशेबी आपली प्रत्येक फाइल तीन ठिकाणी असते. पहिले ठिकाण म्हणजे आपण ज्यावर काम करत आहोत ते शेवटचे कमिट. त्याला हेड म्हणतात. दुसरे म्हणजे इंडेक्स, ज्याला आपण बोलताना स्टेजिंग एरिया म्हणतो. तिसरे म्हणजे डिस्कवरचे फोल्डर, ज्यातली फाइल आपण एडिटरमध्ये उघडून बदलतो. ते वर्किंग ट्री. गिट स्टेटस या तिन्ही ठिकाणांचा एकच निकाल देत नाही. ते दोन वेगवेगळ्या तुलना करते : एक हेड आणि इंडेक्स यांची, दुसरी इंडेक्स आणि वर्किंग ट्री यांची. पहिल्या तुलनेत सापडलेला फरक ‘चेंजेस टू बी कमिटेड’ या मथळ्याखाली हिरव्या रंगात येतो, तर दुसऱ्या तुलनेतला ‘चेंजेस नॉट स्टेज्ड फॉर कमिट’ या मथळ्याखाली लाल रंगात. ज्या फाइलींची इंडेक्समध्ये नोंदच नाही, त्या ‘अनट्रॅक्ड फाइल्स’ म्हणून शेवटी दाखवल्या जातात. तुलना दोन असल्यामुळे एकच फाइल दोन्हींत सापडणे यात विसंगती काहीच नाही.

आपल्या फाइलीचेच उदाहरण घेऊ. समजा, सकाळी आपण भविष्यनिर्वाह निधीची कपात १२ टक्के करणारी ओळ लिहिली आणि गिट अ‍ॅड केले. त्या क्षणी गिटने फाइलीचा तेव्हाचा पूर्ण मजकूर वाचला, तो संकुचित करून रेपॉझिटरीच्या, म्हणजे गिटच्या साठ्याच्या, आत साठवला आणि इंडेक्समध्ये पगार.पीवाय या नावापुढे त्या मजकुराची ४० अक्षरी एसएचए-१ खूण (मजकुरावरूनच गणिताने काढलेली ओळख) लिहून ठेवली. त्यानंतर कपातीची रक्कम पूर्ण रुपयांत आणणारी आणखी एक ओळ आपण लिहिली आणि फाइल सेव्ह केली. इंडेक्समधली खूण मात्र सकाळच्याच मजकुराची राहिली, कारण अ‍ॅड म्हणजे ‘या फाइलीवर लक्ष ठेव’ असे सांगणे नसून ‘या फाइलीचा आत्ताचा मजकूर पुढच्या कमिटसाठी घे’ असे सांगणे आहे. म्हणून हेडशी तुलना करता इंडेक्समध्ये १२ टक्क्यांची ओळ नवी दिसली आणि फाइलीचे नाव हिरवे झाले. इंडेक्सशी तुलना करता डिस्कवर पूर्ण रुपयांची ओळ नवी दिसली आणि तेच नाव लालही झाले. त्याच वेळी आपण कमिट केले असते, तर फक्त १२ टक्क्यांची ओळ आत गेली असती आणि नंतरच्या स्टेटसमध्ये फाइल केवळ लाल यादीत उरली असती.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. कमिट झाले की इंडेक्स रिकामा होतो, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. इंडेक्समध्ये बदललेल्याच नव्हे, तर गिटच्या नोंदीतल्या सगळ्या फाइलींची यादी कायम असते. कमिटनंतर ती यादी आणि हेड यांत फरक उरत नाही, इतकेच. गिट एलएस-फाइल्स --स्टेज हा आदेश देऊन पाहावा. प्रत्येक फाइलीपुढे १००६४४ असा परवानगीचा आकडा आणि ती ४० अक्षरांची खूण दिसेल. ही यादी एकदा डोळ्यांखालून गेली की स्टेटसमधली गूढता बरीचशी ओसरते.

कोणती फाइल बदलली, एवढेच स्टेटस सांगते. काय बदलले ते पाहायला गिट डिफ लागते आणि तिथेही याच दोन तुलना आहेत. नुसते गिट डिफ म्हटल्यास लाल यादीतला फरक दिसतो, तर गिट डिफ --स्टेज्ड म्हटल्यास हिरव्या यादीतला. दोन्ही याद्यांत नाव आले असताना आधी हे दोन्ही आदेश देऊन पाहावेत आणि मगच पुन्हा अ‍ॅड करायचे की नाही ते ठरवावे. पुष्कळदा सकाळचा बदल एका कमिटमध्ये आणि दुपारचा दुसऱ्यात जाणेच योग्य असते, आणि गिटने इंडेक्सची ही मधली पायरी ठेवली आहे ती त्याचसाठी. एकाच फाइलीतले काही बदल आता आणि काही नंतर घ्यायचे असतील, तर गिट अ‍ॅड -पी एकेक तुकडा दाखवून विचारते.

स्टेटसचे थोडक्यातले रूप गिट स्टेटस -एस असे मागवता येते आणि सवय झाली की तेच अधिक सोयीचे वाटते. त्यात प्रत्येक नावाच्या आधी दोन अक्षरांची जागा असते. डावी जागा पहिल्या तुलनेची, उजवी दुसरीची. आपल्या फाइलीपुढे त्या वेळी ‘एमएम’ दिसले असते. नव्याने अ‍ॅड करून पुन्हा बदललेल्या फाइलीपुढे ‘एएम’ दिसते आणि नोंद नसलेल्या फाइलीपुढे दोन प्रश्नचिन्हे.

एक सावधगिरी कळकळीने सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीपासून स्टेटस स्वतःच गिट रिस्टोअर हा आदेश सुचवते आणि तो दोन्ही मथळ्यांखाली थोड्या फरकाने येतो. हिरव्या यादीखालचा गिट रिस्टोअर --स्टेज्ड फाइल फक्त इंडेक्समधून मागे घेतो. डिस्कवरचे काम जसेच्या तसे राहते. लाल यादीखालचा, --स्टेज्ड नसलेला, मात्र डिस्कवरचा मजकूर पुसून तिथे इंडेक्समधला मजकूर आणतो. जे कधी अ‍ॅडही केले नव्हते, ते काम गिटकडून परत मिळत नाही. अ‍ॅड केलेला मजकूर नंतर इंडेक्समधून निघाला, तरी काही काळ रेपॉझिटरीत पडून असतो आणि गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड वापरून शोधता येतो. त्यामुळे धोक्याचे काही करण्यापूर्वी अ‍ॅड करून ठेवणे, हा अगदी स्वस्तातला विमा आहे.

प्रश्न : नागपुरात आमचा लहानसा चमू आहे. काल माझ्या गिट स्टेटसमध्ये ‘युवर ब्रँच इज अप टू डेट विथ ओरिजिन/मेन’ असे स्पष्ट लिहिले होते. म्हणून मी निर्धास्तपणे कमिट करून पुश केले, म्हणजे सर्व्हरकडे पाठवले, तर पुश नाकारला गेला. सहकाऱ्याने अर्ध्या तासापूर्वीच त्याचे काम पुश केले होते. मग स्टेटसने मला चुकीची माहिती का दिली?

उत्तर : माहिती चुकीची नव्हती, पण जुनी होती. गिट स्टेटस कधीही सर्व्हरशी बोलत नाही. ओरिजिन/मेन हे सर्व्हरवरच्या ब्रँचचे (कामाच्या शाखेचे) नाव वाटत असले, तरी प्रत्यक्षात ती आपल्याच संगणकावरची एक नोंद आहे. सर्व्हरशी शेवटचा संपर्क झाला तेव्हा तिथली मेन ब्रँच कोणत्या कमिटवर होती, ते तीत लिहिलेले असते. फेच (सर्व्हरवरची नवी कमिट आणणे), पुल (ती आणून आपल्या कामात मिसळणे) किंवा पुश केले की ती नोंद बदलते. एरवी आठवडाभर तशीच राहते. स्टेटस आपली ब्रँच त्या नोंदीशी ताडून पाहते, त्यामुळे सहकाऱ्याचे अर्ध्या तासापूर्वीचे काम त्याला दिसण्याचा मार्गच नव्हता.

ही रचना मुद्दाम केलेली आहे. लिनक्स कर्नलच्या विकासकांना बिटकीपर ही प्रणाली विनामूल्य मिळणे बंद झाले, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतले. जगभर विखुरलेल्या माणसांना आपापल्या संगणकावर पूर्ण इतिहास बाळगून, जोडणी नसतानाही वेगाने काम करता यावे, ही त्यामागची गरज होती. स्टेटस दर वेळी सर्व्हरकडे विचारणा करू लागले, तर रेल्वेत बसून काम करणाऱ्याला ते वापरताच येणार नाही. सबव्हर्जन ही तर एका सर्व्हरवर आधारलेली प्रणाली. पण तिच्याही स्टेटसला सर्व्हरची खबर हवी असेल, तर -यू हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो.

तेव्हा ताजी स्थिती हवी असेल, तर आधी गिट फेच करावे आणि मग स्टेटस पाहावे. फेचने आपल्या फाइलींना धक्का लागत नाही. केवळ नोंदी ताज्या होतात. त्यानंतर ‘बिहाइंड’ दिसले तर सर्व्हर पुढे आहे, ‘अहेड’ दिसले तर आपण पुढे आहोत आणि ‘डायव्हर्ज्ड’ दिसले तर दोन्हीकडे नवी कमिट झाली आहेत. आपल्या बाबतीत काल हे तिसरेच झाले होते. ते मिटवण्यासाठी मर्ज करताना, म्हणजे दोन्ही कामे एकत्र करताना, दोघांनी एकाच जागी बदल केलेला असेल, तर स्टेटसमध्ये ‘अनमर्ज्ड पाथ्स’ हा आणखी एक मथळा येतो आणि फाइलीपुढे ‘बोथ मॉडिफाइड’ असे लिहिलेले असते. अ‍ॅड केले की फाइल त्या मथळ्याखालून निघून जाते. पण वादाची जागा दाखवण्यासाठी गिटने घातलेल्या कोन चिन्हांच्या खुणा फाइलीत राहून गेल्या आहेत का, हे अ‍ॅड तपासत नाही. गिट डिफ --स्टेज्ड --चेक त्या दाखवून देते. मर्जचे कमिट करण्यापूर्वी हा आदेश आमच्या मते नेमाने द्यावा.

प्रश्न : मी कोल्हापूरच्या एका पतसंस्थेच्या संगणक विभागात काम करते. डेटाबेसचा पासवर्ड असलेली सेटिंग्ज.आयएनआय ही फाइल रेपॉझिटरीत जाऊ नये, म्हणून मी तिचे नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, लिहिले. तरीही ती बदलली की स्टेटसमध्ये ‘मॉडिफाइड’ म्हणून दिसतेच. नाव अचूक आहे, हे दोनदा तपासले आहे.

उत्तर : नाव अचूक असूनही असे होते, कारण गिटइग्नोरचा संबंध फक्त अनट्रॅक्ड फाइलींशी आहे. जी फाइल एकदा इंडेक्समध्ये आली, तिच्यावर त्यातल्या नियमांचा काहीच परिणाम होत नाही. गिट एलएस-फाइल्स सेटिंग्ज.आयएनआय असा आदेश द्यावा; उत्तरादाखल फाइलीचे नाव परत आले, तर ती पूर्वीच कधीतरी अ‍ॅड झाली आहे, हे नक्की.

ती नोंदीतून काढण्यासाठी गिट आरएम --कॅश्ड हा आदेश आहे. त्याने इंडेक्समधली नोंद जाते आणि आपल्या डिस्कवरची फाइल राहते. स्टेटसमध्ये ती हिरव्या रंगात ‘डिलीटेड’ म्हणून येईल. त्याने घाबरू नये आणि कमिट करावे. मात्र हे कमिट जे सहकारी पुल करतील, त्यांच्या डिस्कवरून ती फाइल खरोखरच पुसली जाईल, म्हणून त्यांना आधी सांगून तिची प्रत बाजूला काढून ठेवायला लावावी.

याहून गंभीर गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगणे भाग आहे. फाइल आता नोंदीतून निघाली, तरी आधीच्या कमिटमध्ये ती पासवर्डासह तशीच आहे आणि ज्याच्याकडे रेपॉझिटरीची प्रत आहे, तो ती केव्हाही उघडू शकतो. ही ठेवीदारांच्या पैशांशी निगडित माहिती आहे. म्हणून सर्वांत आधी डेटाबेसचा पासवर्ड बदलावा. इतिहासातून फाइल पुसण्याची साधने आहेत, परंतु ज्यांनी आधीच क्लोन केले (रेपॉझिटरीची पूर्ण प्रत घेतली) आहे त्यांच्या प्रती त्याने बदलत नाहीत. पासवर्ड बदलण्याला म्हणूनच पर्याय नाही.

अशा वेळी काही जण गिट अपडेट-इंडेक्स --अझ्यूम-अनचेंज्ड वापरण्याचा सल्ला देतात. त्याने फाइल स्टेटसमधून दिसेनाशी होते, पण नोंदीत राहतेच, आणि पुढे पुल करताना किंवा ब्रँच बदलताना अकारण अडथळे येतात. मुळात तो पर्याय या कामासाठी नाही आणि गिटच्या अधिकृत माहितीपत्रकातही तो अशा वापरासाठी टाळायलाच सांगितले आहे. त्यापेक्षा खोटा पासवर्ड असलेली एक नमुना फाइल रेपॉझिटरीत ठेवावी आणि खरी फाइल प्रत्येकाने तिच्यावरून आपल्या संगणकावर तयार करावी, ही रीत चांगली.

प्रश्न : मी रत्नागिरीतून घरून काम करतो. विंडोजवर क्लोन केलेले रेपो (रेपॉझिटरी) मी काल डब्ल्यूएसएलमधल्या, म्हणजे विंडोजच्या आतच चालणाऱ्या, लिनक्समधून उघडले, तर एकाही फाइलीला हात न लावता शेकडो फाइली ‘मॉडिफाइड’ दिसल्या. शिवाय स्टेटस यायला फार वेळ लागला.

उत्तर : फाइल नुसती उघडून सेव्ह केली म्हणून गिट तिला बदललेली मानत नाही. इंडेक्समध्ये प्रत्येक फाइलीची वेळ आणि आकार लिहिलेला असतो. ते जुळले तर गिट मजकूर वाचतच नाही, आणि जुळले नाहीत तर मजकूर वाचून खूण पुन्हा काढते. खूण तीच आली, तर फाइल यादीत येत नाही. म्हणजेच आपल्या फाइलींत गिटला काहीतरी खरोखरच वेगळे दिसले आहे, आणि बहुधा ते ओळीच्या शेवटी आहे. विंडोजवर गिट बसवताना सहसा जो पर्याय आधीच निवडलेला असतो, त्यानुसार फाइली डिस्कवर येताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचे अदृश्य चिन्ह जोडले जाते आणि कमिट होताना काढले जाते. डब्ल्यूएसएलमधले गिट ही वेगळी स्थापना आहे. तिला हा करार ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक ओळ बदललेली दिसते. गिट डिफ --इग्नोर-स्पेस-अ‍ॅट-ईओएल म्हटल्यावर ओळींतले सगळे फरक नाहीसे झाले, तर निदान पक्के झाले.

यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या फाइलीत ‘* टेक्स्ट=ऑटो’ ही ओळ लिहून ती कमिट करणे, म्हणजे प्रत्येकाच्या संगणकावरची मांडणी वेगळी असली तरी नियम रेपॉझिटरीबरोबरच जातो. जुन्या कमिटमध्येच ती जास्तीची चिन्हे शिरली असतील, तर एकदा गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ . करून वेगळे कमिट करावे. गिट डिफमध्ये ओळींऐवजी ‘ओल्ड मोड १००६४४, न्यू मोड १००७५५’ एवढेच दिसले, तर भानगड फाइल चालवण्याच्या परवानगीची आहे. त्या रेपोपुरते कोअर.फाइलमोड हे फॉल्स करावे.

वेगाबद्दल सांगायचे, तर डब्ल्यूएसएल २ मधून विंडोजच्या ड्राइव्हवरच्या फाइली वाचणे मुळातच संथ असते आणि स्टेटसला तर सगळ्याच फाइलींची चौकशी करावी लागते. लिनक्समध्येच काम करायचे असेल, तर लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये नव्याने क्लोन करावे. दोन्ही तक्रारी एकदम मिटतील.

प्रश्न : लातूर जिल्ह्यातल्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आम्ही गिटमध्ये ठेवतो आणि फाइलींची नावे मराठीतच देतो. स्टेटसमध्ये मात्र नावांऐवजी तिरप्या रेघा आणि आकडे दिसतात. कोणती फाइल बदलली, हेच समजत नाही. नावे रोमनमध्ये करावीत का?

उत्तर : मुळीच करू नयेत. आपली नावे गिटमध्ये अगदी सुरक्षित आहेत; केवळ दाखवण्याची पद्धत बदलायची आहे. युनिकोडच्या यूटीएफ-८ मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते, आणि इंग्रजी अक्षरसंचाबाहेरचे बाइट गिट मुळात अष्टमान आकड्यांत छापते. त्यामुळे ‘ओवी’ या नावाचे ‘\३४०\२४४\२२३\३४०\२४४\२६५\३४०\२४५\२००’ असे होते. पहिले तीन आकडे ‘ओ’चे, पुढचे तीन ‘व’चे आणि शेवटचे तीन दीर्घ वेलांटीचे. गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स हा आदेश एकदा दिला की नावे देवनागरीत दिसू लागतील. जोडाक्षरे नीट न जुळल्यास तो टर्मिनलचा किंवा फाँटचा दोष समजावा.

संग्रहातल्या बदललेल्या फाइलींची यादी एखाद्या स्क्रिप्टने वाचायची असेल, तर गिट स्टेटस --पोर्सिलेन -झेड वापरावे. त्याचा साचा पुढच्या आवृत्त्यांत बदलणार नाही, अशी हमी गिटने दिलेली आहे, आणि -झेडमुळे मराठी नावे, त्यांतल्या मोकळ्या जागांसह, अवतरणचिन्हांशिवाय जशीच्या तशी मिळतात.